चषक येतो, संघ का राहत नाही?

राष्ट्रीय फुटबॉल लीगचा दहावा हंगाम, २००५-०६ चा, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकला. ही लीग १९९६-९७ ते २००६-०७ अशी अकरा हंगाम चालली आणि या अकरा हंगामांत महाराष्ट्रातल्या क्लबने विजेतेपद मिळवल्याचा हा एकमेव प्रसंग. पुढे चार वर्षांनी, २०१० मध्ये, हा संघ बंद झाला. विजेता संघ उतरणीला लागतो, पाच-दहा वर्षे मागे पडतो, खालच्या श्रेणीत जातो, हे जगभर होते. पण देशाचा विजेता क्लब चार वर्षांत नाहीसाच व्हावा आणि त्या शहराच्या रोजच्या जगण्यात त्याने काही खळबळ उडू नये, ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या फुटबॉलची चर्चा बहुतेक वेळा ‘आपण मागे का?’ या प्रश्नाभोवती फिरते. गेल्या वीस वर्षांचा हिशेब मांडला तर तो प्रश्न अपुरा वाटतो. आपण जिंकलो आहोत, एकदा नव्हे, अनेकदा. जिंकलेले टिकवणारी संस्था मात्र आपण उभी केली नाही. या लेखात त्याच त्रुटीचा आढावा घ्यायचा आहे. संघाचे भवितव्य कुणा एकाच्या खर्चमंजुरीवर असेल तर विजेतेपद त्याला वाचवत नाही. संघ गावाचा असेल आणि त्याला वर चढायला शिडी असेल, तर पराभवही त्याला संपवत नाही, हे माझे म्हणणे आहे.

आधी त्या हंगामाची किंमत नीट समजून घेऊ. लीगच्या पहिल्या नऊ हंगामांत सहा विजेतेपदे कोलकात्याला गेली होती, तीन मोहन बागानकडे आणि तीन ईस्ट बंगालकडे. दोन गोव्याला गेली, साळगावकर आणि डेम्पो यांच्याकडे; आणि पहिलेच विजेतेपद पंजाबमधल्या फगवाड्याच्या जेसीटीने नेले होते. या मक्तेदारीत मुंबईचा संघ शिरला तो योगायोगाने नव्हे. कंपनीचा संघ म्हणून १९६२ मध्ये सुरू झालेल्या या चमूने २००० मध्ये ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव घेतले. तोवर १९९८ चा ड्युरँड चषक त्यांच्या कपाटात होता. २००१ मध्ये तो पुन्हा आला, २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक आला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते आणि आघाडीच्या फळीत ब्राझीलचा होझे रामिरेझ बरेटो खेळत होता. लीग जिंकल्यावरही ओहोटी लागली नाही. २००७ च्या एएफसी चषकात संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि २००८ मध्ये ड्युरँड आणि आयएफए शील्ड हे देशातले दोन जुने मान त्याने एकाच वर्षी मिळवले. म्हणजे २०१० मध्ये बंद झालेला हा संघ हरणारा नव्हता. खेळाच्या कोणत्याही कसोटीवर तो नापास झाला नव्हता. कंपनीने आपले लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवण्याचे ठरवले आणि व्यावसायिक संघ तिच्या प्राधान्यक्रमातून बाहेर पडला. हा निर्णय घेण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, कारण संघ तिचाच होता. आपली अडचण नेमकी इथे सुरू होते.

कंपनीच्या संघांना दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. मुंबईच्या फुटबॉलचा सारा इतिहासच ऑफिसच्या संघांचा आहे. हारवूड लीग १९०२ पासून चालत आली. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक. ब्रिटिश पलटणींच्या या स्पर्धांत पुढे गिरण्या, बँका, गोदी, तेल कंपन्या आणि रेल्वे यांचे संघ उतरले. टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, पोर्ट ट्रस्ट, आरसीएफ, एअर इंडिया ही नावे कूपरेजच्या मैदानाशी कायमची जोडलेली आहेत. खेळाडूला मिळणारी गोष्ट साधी पण मोलाची होती: कायम नोकरी, सरावासाठी सवलत, आणि गुडघा निकामी झाला तरी महिन्याच्या शेवटी हातात पडणारा पगार. ज्या काळात फुटबॉलवर घर चालवणे अशक्य होते, त्या काळात या नोकरीने शेकडो घरांची चूल पेटती ठेवली. संतोष करंडक महाराष्ट्राने चार वेळा जिंकला, पहिल्यांदा मुंबई या नावाने १९५४-५५ च्या हंगामात आणि शेवटचा २००० मध्ये, केरळला केरळच्याच मैदानावर हरवून. त्या यशामागे ऑफिसच्या संघांनी पोसलेले खेळाडू होते. तेव्हा व्यवस्था वाईट होती असे नाही. ती नोकरदारांसाठी उभारलेली व्यवस्था होती. तिच्यात प्रेक्षकाला जागा होती, पण हक्क नव्हता. कूपरेजच्या कठड्यावर बसून गळा सुकेपर्यंत ओरडणाऱ्या माणसाला त्या संघाच्या भवितव्याबद्दल चकार शब्द बोलण्याची सोय नव्हती. रोव्हर्स चषकही २०००-०१ नंतर थांबला, तेव्हाही ती सोय नव्हतीच.

महिंद्रापाठोपाठ जे घडले ते पाहिले की हा एका कंपनीचा प्रश्न नाही, हे लक्षात येते. जेसीटी, म्हणजे लीगचा पहिलाच विजेता, २०११ मध्ये बंद झाला. राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगच्या २०१२-१३ च्या हंगामात चौदा संघ होते आणि त्यांतल्या चौघांचे नाते महाराष्ट्राशी होते: एअर इंडिया, ओएनजीसी, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. पुणे एफसी त्या हंगामात दुसरा आला. हंगाम संपताच एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या अटींत बसत नाहीत म्हणून बाहेर गेले. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये उभा केलेला पुणे एफसी पुढच्या दोन-तीन वर्षांत आवरला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला राहून खाली गेला आणि परत उठला नाही. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबाद एफसीने २०२१-२२ मध्ये विजेतेपद मिळवले आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०२५ मध्ये हाच क्लब हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. पुण्याची जागा हैदराबादला विजेता बनवते, कोल्हापूरचा मुलगा हैदराबादसाठी चषक उचलतो आणि तीन वर्षांनी हैदराबादच्या हातीही काही उरत नाही. सहा वर्षांतला हा प्रवास नकाशावर काढून पाहावा. जागा फिरत राहिली, कारण ती कोणत्याच गावाची नव्हती.

आता दूरचे एक उदाहरण घेऊ, कारण क्लब गावाचा असणे म्हणजे काय, हे तिथे फार जवळून दिसते. अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सच्या दक्षिणेला अवेजानेदा नावाचे कारखान्यांचे उपनगर आहे. तिथला रेसिंग क्लब १९०३ चा. १९६६ मध्ये तो देशाचा विजेता झाला, १९६७ मध्ये दक्षिण अमेरिकेचा आणि त्याच वर्षी स्कॉटलंडच्या सेल्टिकला हरवून आंतरखंडीय विजेता. त्यानंतर पस्तीस वर्षे राष्ट्रीय लीगचे विजेतेपद नाही. मधल्या काळात क्लब कर्जात बुडाला आणि मार्च १९९९ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या दिवाळखोरी प्रशासक बाईंनी जाहीर केले, की रेसिंग क्लब आता अस्तित्वात नाही. ७ मार्चला क्लबचा सामना होता. तो खेळू दिला गेला नाही. तरी सामन्याच्या वेळी हजारो लोक स्टेडियममध्ये आले आणि रिकाम्या मैदानाकडे तोंड करून, झेंडे घेऊन, गाणी म्हणत बसले. समोर संघ नव्हता, चेंडू नव्हता, निकाल लागणार नव्हता. लोक केवळ क्लब आहे हे सांगायला आले होते. आजही ७ मार्च हा त्या क्लबच्या चाहत्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. कूपरेजवर असे काही का घडले नाही, याचे उत्तर मुंबईकरांच्या प्रेमात शोधू नये. ते मालकीत आहे. अर्जेंटिनातले क्लब सभासदांच्या ना-नफा संस्था म्हणून नोंदलेले असतात. सभासद वर्गणी भरतात आणि मतदान करून अध्यक्ष निवडतात. ‘क्लब बंद’ या घोषणेला त्यांच्या दृष्टीने कायदेशीर अर्थ असेल, पण तो त्यांना विचारून घेतलेला निर्णय नव्हता आणि म्हणून तो त्यांनी मानला नाही.

या कथेचा उत्तरार्ध २००१ च्या हंगामात आहे. त्या वेळी अर्जेंटिनात वर्षाला दोन छोट्या लीग होत; वर्षाच्या उत्तरार्धातली ‘आपेर्तुरा’ एकोणीस सामन्यांची. रेनाल्दो मेर्लो यांच्या संघाने या हंगामात आघाडी घेतली आणि शेवटच्या फेरीच्या तोंडावर देशच कोसळला. डिसेंबरच्या सुरुवातीला बँक खात्यांतून पैसे काढण्यावर बंधने आली, १९ आणि २० डिसेंबरला रस्त्यांवर उद्रेक झाला, माणसे मेली, राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. लीग थांबली. अखेर २७ डिसेंबरला शेवटचा सामना झाला; वेलेझच्या मैदानावर रेसिंगने १-१ अशी बरोबरी साधली आणि ४२ गुणांनी, रिव्हर प्लेटपेक्षा एका गुणाने पुढे राहून, विजेतेपद मिळवले. वेलेझचे स्टेडियम भरले होतेच; शिवाय अवेजानेदातल्या आपल्या रिकाम्या घरच्या मैदानावर पडद्यावर सामना बघायला लोकांनी दुसरे स्टेडियमही भरले. देशात पैसा नव्हता, बँक खाती गोठलेली होती, सरकार स्थिर नव्हते. तीन वर्षांपूर्वी संपल्याचे जाहीर झालेला क्लब मात्र होता.

इथे एक अवघड मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २००१ च्या त्या हंगामात रेसिंगचा कारभार सभासदांकडे नव्हता. क्लब वाचवण्यासाठी तो २००० च्या अखेरीस एका खासगी कंपनीला चालवायला दिला होता. मग विजेतेपदाचे श्रेय सभासदांचे की भांडवलाचे? प्रामाणिक उत्तर असे, की पैसा आणि शिस्त कंपनीने आणली आणि ते विजेतेपद तिच्याशिवाय कदाचित आले नसते. पण पुढे काय झाले ते पाहावे. ती कंपनीच काही वर्षांत गाळात गेली, २००८ मध्ये तिचा करार संपला आणि क्लब निवडणुकीने पुन्हा सभासदांकडे आला. कंपनी आली, कंपनी गेली, क्लब राहिला. महिंद्राच्या बाबतीत कंपनी राहिली आणि क्लब गेला. पैसा खासगी असण्याला माझा आक्षेप नाही. पैसा देणारा निघून गेल्यावर नाव, रंग, मैदान आणि खेळण्याचा हक्क कुणाकडे राहतो, एवढे पाहायचे. रेसिंगमध्ये तो सभासदांकडे राहिला. आपल्याकडे तो फाइलबरोबर बंद झाला.

दुसरा धडा ब्राझीलचा आहे आणि तो शिडीबद्दल आहे. पाच वेळा विश्वविजेता ठरलेल्या या देशात आज ‘ब्राझिलेराव’ नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय लीग १९७१ मध्ये सुरू झाली, म्हणजे तिसरा विश्वचषक जिंकून झाल्यावर. त्या पहिल्या हंगामात टेले सांताना यांच्या मार्गदर्शनाखाली बेलो होरिझोन्तेचा अॅटलेटिको मिनेरो विजेता ठरला. त्याआधी १९५९ पासून एक राष्ट्रीय बाद-फेरी स्पर्धा होती, पण खरा पाया राज्यांच्या लीगचा: साओ पावलो राज्याची लीग १९०२ पासूनची. म्हणजे आपल्या हारवूड लीगच्याच वर्षाची. तिथे राज्याची लीग हा क्लबांचा मुख्य संसार झाला. लहान गावातला क्लब दरवर्षी राजधानीच्या मोठ्या क्लबशी खेळू लागला आणि देशपातळीवर जाण्याची वाट तिथूनच निघाली. ब्राझीलचाही कारभार आदर्श नव्हता. लष्करी राजवटीत राजकीय सोयीसाठी संघ वाढवत नेले आणि १९७९ च्या हंगामात चौऱ्याण्णव क्लब खेळले. १९८७ चा विजेता कोण, हा वाद न्यायालयात दशके चालला. सरळ साखळी पद्धत २००३ मध्ये आली. पण इतक्या गोंधळातही क्लब टिकले, कारण ते राष्ट्रीय लीगवर जगत नव्हते. वरचा मजला हलला तरी खालचा मजला उभा होता. आपण मात्र १९९६ मध्ये थेट वरचा मजला बांधला, २०१४ मध्ये त्याच्यावर आणखी झगमगता मजला चढवला, आणि खाली जिल्ह्यांमध्ये काय आहे हे पाहिलेच नाही.

महाराष्ट्रात खालचा मजला मुळात नाहीच, असे म्हणणाऱ्याने हंगामात कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: ही नावे कुणा मालकाची नाहीत, पेठांची आणि तालमींची आहेत. कुस्तीच्या हौद्याशेजारी वाढलेल्या या संस्थांनी फुटबॉल आपलासा केला आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगचा सामना असला की पेठ आपल्या रंगात तिथे जमते. गॅलरीत आजोबा आणि नातू शेजारी बसलेले असतात. संघातल्या मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली जाते, चुकला तर त्याच नावाने शिव्याही पडतात. विश्वचषक आला की इथल्या चौकात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक उभे राहतात. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: ब्राझील-अर्जेंटिनासारखी क्लबनिष्ठा इथे आधीपासून आहे. इथला संघ हरला तर पेठ पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी काढते. विजेतेपद मिळाले नाही म्हणून पाटाकडील बंद झाले, अशी बातमी कोल्हापुरात कुणी कल्पूही शकत नाही.

तरीही कोल्हापूर हे उत्तराचे अर्धेच अंग आहे. या तालमींच्या ईर्ष्येतून हाणामाऱ्या होतात, सामन्यांना पोलीस बंदोबस्त लागतो, हे खरे. पण त्याहून मोठा दोष त्यांचा नाही: या लीगमध्ये पहिला आलेला संघ पुढे कुठे जातो? त्याचे जग शाहू स्टेडियमच्या भिंतीपाशी संपते. जिल्ह्यातून राज्याच्या पक्क्या, दरवर्षी ठरलेल्या वेळी होणाऱ्या लीगमध्ये आणि तिथून देशात जाण्याची सरळ वाट पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासमोर नव्हती. म्हणून गुणी मुलाला क्लब सोडून जावे लागते. अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि मग इतर शहरांच्या संघांतून. मुलाने पुढे गेलेच पाहिजे. पण त्याचा क्लबही थोडा पुढे गेला असता तर मागच्या दहा मुलांना वाट दिसली असती. मुंबईकडे चषक होते, मुळे नव्हती. कोल्हापूरकडे मुळे आहेत, शिडी नाही. एकाच राज्यात या दोन गोष्टी कधी भेटल्या नाहीत, हे आपल्या फुटबॉलचे सर्वांत मोठे दुर्दैव.

त्या दोन्ही भेटल्या तर काय होते, याचा पुरावा भारतातच आहे, आणि तो २०१६-१७ च्या आय-लीगचा. त्या हंगामात मिझोरामचा ऐजॉल एफसी विजेता ठरला. आदल्या वर्षी तो खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला परत संधी मिळाली. प्रशिक्षक होते खालिद जमील, म्हणजे मुंबई एफसीने सात वर्षांनंतर निरोप दिलेले गृहस्थ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या स्थानावर राहिला. एकाच तक्त्याच्या माथ्यावर ऐजॉल आणि तळाला मुंबई. ऐजॉलकडे मुंबईच्या पासंगालाही पुरेल एवढा पैसा नव्हता. पण मिझोराममध्ये २०१२ पासून राज्याची स्वतःची प्रीमियर लीग सुरू होती, ती दूरचित्रवाणीवर दिसत होती, आणि गावोगावच्या मुलांना आपण कुठून कुठे जाऊ शकतो हे ठाऊक होते. ऐजॉलही एका उद्योजकाच्या पाठबळावरच उभा होता, हे विसरायचे कारण नाही. पण त्या पाठबळाखाली राज्याची लीग आणि शहराची निष्ठा असा कठीण खडक होता. मुंबई एफसीच्या खाली तसे काही नव्हते. म्हणून एक संघ खाली जाऊन परतला आणि देश जिंकला, दुसरा खाली गेला तो गेलाच.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा. व्यावसायिक संघ वर्गणीवर चालत नाही, परवान्याच्या अटी, प्रशिक्षक, प्रवास, वैद्यकीय खर्च हे पेठेच्या आवाक्यात नाही. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. वर्गणीने सगळा खर्च भागावा असे कुणी म्हणत नाही. वर्गणीने मालकी ठरावी. खर्चासाठी पुरस्कर्ते हवेतच आणि कंपन्यांनी त्या भूमिकेत जरूर यावे. पुरस्कर्ता बदलला की छातीवरचे नाव बदलते, क्लबचे बदलत नाही. दुसरा आक्षेप इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा. या क्लबने २०२०-२१ मध्ये साखळी आणि चषक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा साखळीत पहिला आला, २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक नेला. मग महाराष्ट्राला आणखी काय हवे? या यशाचा आनंद मनापासून आहे. पण २०२५ च्या उन्हाळ्यात लीगच्या हक्कांचा करार संपत आल्याने नवा हंगाम लटकला, काही क्लबांनी पगार आणि सराव थांबवले, तेव्हा देशाचे सर्वोच्च फुटबॉल एका करारनाम्यावर उभे होते हे सर्वांना दिसले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली आणि बढती-घसरणीची पद्धत आता कागदावर तरी आली आहे. शिडी वरून खाली सोडली जात असेल, तर खाली तिच्यावर पाय ठेवणारे क्लब हवेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आणि महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेला आहे: सभासदांची संस्था म्हणजे राजकारण. सहकारी कारखाने आणि जिल्हा बँका सभासदांच्याच होत्या, त्यांचे काय झाले ते नाशिक जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. हे मान्य करून मी एवढेच म्हणेन, की त्याच नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालयही आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली ही संस्था सभासदांच्या बळावर चालते; तिथेही निवडणुका होतात, पॅनेल पडतात, वाद रंगतात, आणि तरी ती पावणेदोनशेहून अधिक वर्षे उभी आहे. सभासदांची मालकी चांगल्या कारभाराची हमी देत नाही. ती वाईट कारभार बदलण्याची संधी देते. महिंद्रा युनायटेडच्या चाहत्याला नेमकी तीच संधी नव्हती.

नाशिकला या चर्चेत आणण्याचे कारण केवळ मी इथून लिहितो, हे नाही. देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळलेल्या दोन कंपन्यांचे मोठे कारखाने नाशिकच्या अंगणात आहेत. महिंद्राचा सातपूरला, स्कॉर्पिओ इथे बनते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझरला. त्या कंपनीचा संघ बेंगळुरूहून २०१० ते २०१२ अशी दोन वर्षे आय-लीग खेळला. दोन्ही ताळेबंदांत नाशिकच्या कामगारांचे कष्ट होते, पण दोन्ही संघ नाशिकचे नव्हते. आज शहरात कुणी उद्योगपती फ्रँचायझी घेऊन आला, तर स्वागताचे फलक लागतील यात शंका नाही. माझ्या मते शहराने त्याची वाट पाहू नये. देवळाली, नाशिकरोड, इगतपुरी, मनमाड, सिन्नर, मालेगाव ही सगळी गावे एका दिवसात जाऊन-येऊन सामना खेळण्याच्या अंतरावर आहेत. प्रत्येक गावाच्या नावाचा, नोंदणीकृत, सभासदांनी निवडलेल्या कार्यकारिणीचा एक क्लब. घरच्या आणि परक्या मैदानावर मिळून दोन फेऱ्यांची जिल्हा लीग. तिच्या विजेत्याला राज्याच्या लीगमध्ये हक्काची जागा. आणि कारखान्यांचा पैसा जर्सीवर, मालकीत नाही. द्राक्षबाग पहिली दोन वर्षे फळ देत नाही म्हणून इथला शेतकरी ती उपटत नाही. फुटबॉलच्या क्लबला तेवढाच धीर लागेल, किंबहुना थोडा जास्त.

हे काम कुणा एकाच्या उत्साहावर सोडता येणार नाही. जिल्हा संघटनेने वेळापत्रक हंगामाआधी जाहीर करून पाळावे. महापालिका आणि नगरपालिकांनी क्लबांना मैदान तारखेनिशी, दरवर्षीच्या कराराने द्यावे. शाळांनी आपल्या स्पर्धा संपल्यावर मुलांना गावच्या क्लबच्या कुमार संघात पाठवावे. आणि राज्य संघटनेने जिल्हा विजेत्याची जागा कोणत्याही कारणाने विकली जाणार नाही, असे लेखी द्यावे. यात भव्य असे काही नाही आणि म्हणूनच ते आजवर झाले नाही. आपण हंगामाचा हिशेब चषकाने करतो. २००५-०६ चा चषक त्या हिशेबात जमेच्या बाजूला पडला आणि २०१० मध्ये खाते कोरे झाले. पुढची दहा वर्षे हिशेब दुसऱ्या मापाने व्हावा: जिल्ह्यात सलग दहावा हंगाम खेळणारे क्लब किती, त्यांचे वर्गणी भरलेले सभासद किती, आणि खाली घसरून पुन्हा वर आलेले किती. हे आकडे वाढत गेले, तर विजेतेपद नाशिकला, कोल्हापूरला किंवा मुंबईला कधी ना कधी येईलच. आणि ते आले, तर पुढच्या वर्षीही त्या नावाचा संघ मैदानात उतरलेला असेल.